आम्ही तत्सम

नोटीस दुपारी लागली आणि संध्याकाळी मागच्या फाटकासमोरच्या कट्ट्यावर टेकायला जागा उरली नाही. एरवी आम्ही पाच जणं. नाना, वैशाली, महेश, मी आणि शेखर. शेखरला आमच्यात धरायचं की नाही हा जुना वाद आहे, कारण तो आमच्या करमणुकीच्या पार्कात नोकरीला नाही. तो सीझन पासवाला. पण कट्ट्यावरची हजेरी बघितली तर पगार त्यालाच द्यायला हवा.

काल तो आला तोच बोलत आला. अंगात काळा टी-शर्ट.

"आजपासून काळाच घालणार," तो म्हणाला. "निर्णय फिरेपर्यंत."

"तुझे सगळेच काळे आहेत," वैशाली म्हणाली. "पुढचं रोलर कोस्टरचं चित्र तेवढं बदलतं."

शेखरने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. वर जाड अक्षरांत 'म्हातारा वाचवा'. म्हातारा म्हणजे आपला जुना लाकडी कोस्टर. हे नाव स्टाफचं, पाटीवर वेगळंच भारदस्त काहीतरी आहे. खाली सह्यांचे रकाने आणि कोपऱ्यात म्हाताऱ्याचं चित्र, शेखरने स्वतः काढलेलं. कागद हातोहात फिरला. नानांनी तो डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ पाहिला आणि काही न बोलता पुढे दिला. नाना सव्वीस वर्षं म्हाताऱ्यावर मेकॅनिक होते. ते काही बोलले नाहीत की समजावं, काहीतरी चुकलंय.

"कर सही," शेखरने कागद वैशालीपुढे धरला.

"नोटीस वाचलीस?"

"पाठ आहे."

"म्हण मग."

आणि म्हटली त्याने, खरंच पाठ होती. 'जुना लाकडी रोलर कोस्टर व तत्सम जुनी बांधकामे यांच्या भवितव्याबाबत विचार सुरू असून...'

"थांब. तत्सम म्हणजे काय?"

"म्हणजे तसलीच इतर. शेड वगैरे."

"त्या वगैरेमध्ये मी राहते," वैशाली म्हणाली. "खोली नंबर सात."

पाठीमागे टेकून उभी असलेली दोन-तीन मंडळी हसली आणि मग हसायचं की नाही ते न कळून थांबली. नोटिशीबरोबरच्या नकाशात लाल रेघ आहे. ती कोस्टरच्या कुंपणापाशी थांबत नाही. क्वार्टर्सच्या दोन्ही चाळी पोटात घेते आणि पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत फिरते. दुपारपासून ती सगळ्यांनी पाहिली होती. बोलत मात्र सगळे कोस्टरबद्दल होते. मीसुद्धा. आणि मी त्याच चाळीत चार वर्षं काढलीत.

"क्वार्टर्सबद्दल वेगळं परिपत्रक येईल," महेश म्हणाला. महेश हिशेब खात्यात आहे, त्यामुळे न आलेल्या परिपत्रकांचीही त्याला माहिती असते.

"येईल ना. छपराच्या गळतीचंही येणार होतं. गळती वेळेवर आली, परिपत्रक अजून वाटेत आहे."

शेखरला हे विषयांतर वाटत होतं. त्याने घसा साफ केला. त्याचा घसा साफ झाला की निदान पंधरा मिनिटं कुणाला काही करता येत नाही. लीप-द-डिप्स, पेनसिल्व्हेनियात ऑल्टूना, १९०२ चा, आज उभ्या असलेल्या कोस्टर्समध्ये सर्वांत जुना. १९८५ मध्ये बंद पडला, लोकांनी पैसे गोळा केले, १९९९ मध्ये पुन्हा धावला. सॅन डिएगोच्या बेलमाँट पार्कातला जायंट डिपर १९२५ चा. १९७६ मध्ये बंद, पाडायची भाषा झाली, माणसं समिती करून आडवी आली, १९९० मध्ये पुन्हा सुरू. कोनी आयलंडचा सायक्लोन १९२७ चा. सत्तरच्या दशकात शेजारच्या मत्स्यालयाला विस्तारासाठी ती जागा हवी होती. तरी तो टिकला आणि १९८८ मध्ये न्यूयॉर्क शहराने त्याला संरक्षित वास्तू जाहीर केलं.

"मासे हरले," नाना म्हणाले.

"आणि मार्गेट!" शेखरचा हात आपोआप वर गेला. "ड्रीमलँडची सीनिक रेल्वे, १९२०. इंग्लंडात वारसा यादीत गेलेला पहिला कोस्टर, २००२ मध्ये. २००८ मध्ये कुणीतरी आग लावली. कोस्टरला आग! लोकांनी हाय खाल्ली का? २०१५ मध्ये पुन्हा चालू करून दाखवला."

"चालवतं कोण?" वैशालीने विचारलं.

"कोण म्हणजे?"

"अरे, तूच सांगितलं होतंस. त्या गाडीत ब्रेकमन असतो. लोकांबरोबर गाडीतूनच जातो आणि वेग वाढला की हाताने ब्रेक ओढतो. मेलबर्नच्या लूना पार्कात १९१२ पासून तसंच, कोपनहेगनच्या टिव्होलीत १९१४ पासून तसंच. बरोबर?"

"एकदम बरोबर," शेखर फुलला. आपलं कुणी ऐकतं याचा पुरावा त्याला क्वचित मिळतो.

"मग तो ब्रेकमन यादीत आहे?"

"कुठल्या यादीत?"

"वारसा यादीत. फळीला हात लावायचा नाही, खांबाला हात लावायचा नाही. ब्रेक ओढणारा रात्री कुठे झोपतो ते कुठल्या यादीत लिहिलंय?"

शेखर म्हणाला, हा भावनिक मुद्दा झाला. लाकडी कोस्टरसाठी काळा टी-शर्ट घालून फिरणारा माणूस हे म्हणाला, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवतो.

इथे महेशने आपली वही उघडली. खरं तर वही नव्हती, मोबाइल होता, पण तो मोबाइलही वहीसारखा उघडतो, अंगठ्याला थुंकी लावल्याच्या आविर्भावात. त्याचं म्हणणं, भावना दोन्हीकडून बाजूला ठेवा. लाकडी कोस्टर म्हणजे पांढरा हत्ती. पोलादी कोस्टरला रंग द्या, चाकं बदला, झालं. लाकडी दर हिवाळ्यात पैसे खातो. आणि पाडायलाच हवा असंही नाही, मधला मार्ग आहे. टेक्सासमध्ये टेक्सास जायंट होता, १९९० चा. लाकडी सांगाडा ठेवला, वरचा रूळ पोलादी केला आणि २०११ मध्ये नव्याने उघडला. ओहायोच्या सीडर पॉइंटला १९९१ चा मीन स्ट्रीक होता, लोक उतरून पाठ धरायचे. तोही असाच बदलला, २०१८ मध्ये स्टील व्हेंजन्स म्हणून आला आणि आता त्याच्यासाठी रांगा लागतात.

"बाटवला!" शेखर ओरडला. फाटकावरचा सिक्युरिटीवाला वळून बघायला लागला. "त्याला कोस्टर वाचवणं म्हणत नाहीत. लाकडी रुळावरची गाडी कशी अंग हलवत जाते, ते पोलादात येणार आहे?"

"पाठीचे मणके जागेवर राहतात, एवढा तोटा होतो खरा," महेश म्हणाला.

"त्या सीडर पॉइंटला," वैशाली शांतपणे म्हणाली, "मोसमी कामगारांसाठी पार्काची स्वतःची वसतिगृहं आहेत. एका बाजूला सरोवर, दुसऱ्या बाजूला खाडी, चिंचोळी जमीन. तिथे जागेची टंचाई आपल्यापेक्षा जास्त असेल. तरी पोरांना झोपायला जागा ठेवली. तुझ्या मोबाइलमध्ये रुळाचा आकडा आहे, खाटांचा आहे का?"

महेशने वर-खाली सरकवून पाहिलं. नव्हता.

मला इथे थोडं खाजगी सांगायला हवं. मी फोटो काउंटरवर असतो. पहिल्या उतारावर कॅमेरा तुमचा फोटो काढतो आणि खाली येईपर्यंत तो माझ्या पडद्यावर आलेला असतो. त्यामुळे माणसं घाबरल्यावर कशी दिसतात याचा माझा अभ्यास दांडगा आहे. पण म्हाताऱ्याची खरी ओळख मला काउंटरवर नाही, क्वार्टरमध्ये झाली. माझी खोली चढाच्या बाजूला होती, वरचा बंक. पहाटे चाचणीची रिकामी गाडी सोडली की आधी साखळीचा घरघराट आणि मग तो आवाज, टक, टक, टक, टक. पहिल्या आठवड्यात मी उठून बसायचो. महिन्याने आवाज थांबला की उठून बसायला लागलो. कारण तो मध्येच थांबला तर गाडी चढावर अडकलेली असते आणि मग अर्ध्या चाळीला चपला शोधाव्या लागतात.

तो आवाज साखळीचा नसतो, हे मला नानांनी सांगितलं. गाडीच्या पोटाखाली लोखंडी जीभ असते आणि चढावर दातेरी पट्टी. गाडी वर जाताना जीभ एकेका दात्यावर पडत जाते. साखळी तुटली तरी गाडी मागे येऊ नये म्हणून ती. लोकांना वाटतं हा आवाज भीती घालण्यासाठी ठेवलाय. तो 'पडणार नाहीस' असं सांगणारा आवाज आहे.

"तुमच्या वारशाचं मला कळत नाही," नाना आता बोलायला लागले. नाना बोलायला लागले की शेखरसुद्धा बसतो. "पण म्हाताऱ्यात मूळचं काय आहे, ते मला विचारा. रूळ म्हणजे काय, तर फळ्यांवर फळ्या, थरावर थर, आणि सगळ्यांत वर लोखंडाची पट्टी. दर बंद मोसमात एखादा टापू उघडायचा, कुजलेलं काढायचं, नवीन घालायचं. या वर्षी वळण, पुढच्या वर्षी दुसरा उतार. मी आलो तेव्हा चढाच्या खाली दोन मूळच्या फळ्या होत्या. त्यातली एक मीच काढली."

"आणि दुसरी?" शेखरने जवळजवळ हात जोडून विचारलं.

"क्वार्टर नंबर तीनमध्ये कपडे ठेवायला फळी आहे ना? ती."

शेखरचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी कॅमेऱ्याशिवायही तो टिपून ठेवलाय.

"आणि त्या क्वार्टर्स तत्सम," वैशाली म्हणाली.

नानांनी खिशातून किल्ल्या काढल्या. त्यांच्या जुडग्याला एक बोल्ट आहे, बोटभर लांब, आटे झिजून गुळगुळीत झालेले. त्यांच्या मुलीने किती तरी छान किचेन आणून दिल्या. ते हाच वापरतात. पहाटे ट्रॅक वॉकला निघायचं, हातात हातोडी, कमरेला पाना. पूर्ण रूळ पायी. प्रत्येक जोडावर हलका ठोका. ठणठणीत वाजला की पुढे. दबका वाजला की बसायचं, हात लावून बघायचं. हा बोल्ट तसा सापडला होता, उजेड व्हायच्या आत, तिसऱ्या वळणावर. बाहेरून बघितलं तर काही दिसत नव्हतं. आवाज बोदा होता.

"त्या दिवशी मी दोन बसा बदलून आलो असतो," नाना म्हणाले, "तर मला ऐकू आला असता का, सांगता येत नाही. मी चाळीतून चालत आलो होतो. झोप झाली होती."

यावर महेशही काही बोलला नाही. म्हणजे बोलला, पण विषय बदलून. म्हणाला, हल्ली सेन्सर असतात.

"माझी बॅटरी पण असायची," नाना म्हणाले.

झालं. ती बॅटरी निघाली. वादळाच्या रात्री महेशने हिशेब खात्याचं कपाट शोधायला नानांची हातबॅटरी नेली, त्याला आता सात वर्षं झाली. महेश म्हणतो, परत ठेवली. नाना म्हणतात, कुठे? महेश म्हणतो, जिथून घेतली तिथे. नाना म्हणतात, माझ्या हातातून घेतली होती. हा संवाद मी इतक्या वेळा ऐकलाय की दोघांपैकी कुणी रजेवर असलं तर त्याच्या वाटचं मी म्हणू शकेन. वैशालीने म्हटलं, ही बॅटरी वारसा यादीत घाला म्हणजे निदान पाडता येणार नाही. मागच्या माणसांतून कुणीतरी म्हणालं, आधी सापडू दे.

बॅटरी मिटल्यावर (मिटली नाही, थकली) महेशने दुसरा पत्ता टाकला. क्वार्टर्सना त्याचा विरोध नाही, पण त्या बाहेर असाव्यात. मोठे पार्क तसंच करतात. फ्लोरिडात डिस्नीच्या कॉलेज प्रोग्रामच्या पोरांसाठी फ्लेमिंगो क्रॉसिंग्ज म्हणून अख्खी वसाहत आहे. हजारो खाटा, जिम, पोहण्याचा तलाव, बसची सोय. नवंकोरं. त्यासमोर आपल्या चाळी म्हणजे...

"तत्सम," तीन-चार जण एकदम म्हणाले.

"आणि भाडं?" वैशालीने विचारलं.

"भाडं असणारच ना. पगारातून जातं."

"म्हणजे या खिशातून पगार द्यायचा आणि त्या खिशात काढून घ्यायचा. पोहता येतं मध्ये, हे खरं." मग ती जरा पुढे सरकून बसली. "महेश, मला नवीन इमारत नकोय असं नाही. सातमध्ये पावसाळ्यात मी छत्री उघडून झोपलेय, मला जुन्याचं कौतुक सांगू नकोस. बांधा ना बाहेर. पण आधी बांधा, मग पाडा. नोटिशीत आधी पाडा आहे. पुढचं लिहिलेलंच नाही. रात्री दहाला पार्क बंद होतो. शेवटची गाडी रिकामी करायची, मांडीवर अडकवतात तो प्रत्येक लॅप बार हाताने हलवून बघायचा, प्लॅटफॉर्म झाडायचा, हरवलेल्या वस्तूंची नोंद करायची, साडेअकरा होतात. शेवटची बस अकराची. क्वार्टर नंबर तीनमधल्या मुलीला विचार, गेल्या मोसमात बाहेर राहत होती तेव्हा स्टाफ रूमच्या बाकावर किती रात्री झोपली."

महेश म्हणाला, बाकावर झोपायला परवानगी नाही.

"म्हणूनच तर हिशेबात नाही आली," ती म्हणाली.

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. प्रत्यक्ष वाजवली नाही, कारण दोन वर्षांपूर्वी मी क्वार्टर सोडून गेलो तो गळतीला कंटाळून, आणि जाताना छपराच्या अर्जावर माझी सही राहूनच गेली. वैशालीने ते कधी बोलून दाखवलेलं नाही. सहीचा विषय निघाला की ती माझ्याकडे बघते एवढंच.

डिस्नीचा विषय निघालाच होता तर मी म्हटलं, कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमध्ये खुद्द वॉल्ट डिस्नीचं घर होतं की. मेन स्ट्रीटवरच्या फायर स्टेशनच्या वरच्या मजल्यावर, छोटंसं. खिडकीत एक दिवा असतो, तो त्याच्या आठवणीत अजून लावून ठेवतात.

"बघा," वैशाली म्हणाली. "मालक पार्कात राहिला की खिडकीत दिवा. कामगार राहिला की मीटर काढायला माणूस."

मग मी आणखी एक सोडलं, कारण एकदा लोक ऐकायला लागले की मलाही शेखरची लागण होते. कोनी आयलंडला थंडरबोल्ट नावाचा कोस्टर होता, १९२५ चा, जॉन मिलरने आखलेला. हा मिलर म्हणजे ज्याने गाडी रुळावरून उचलली जाऊ नये म्हणून रुळाखालून धरणारी चाकं काढली, १९१९ चं पेटंट. ती चाकं नसती तर आज एकाही कोस्टरवर तुम्ही सीटवरून उचलले जाऊन परत सीटवरच पडला नसतात. तर त्या जागेवर आधीपासून एक छोटं हॉटेल होतं. त्यांनी ते पाडलं नाही. त्याच्या डोक्यावरून कोस्टर नेला. घर खाली, रूळ वर, आणि त्या घरात मालकाच्या घरची माणसं वर्षानुवर्षं राहिली.

"छपरावरून गाडी?" नानांचे डोळे चमकले. "मग गळती कळायची तरी कशी, आवाजात?"

"पुढे काय झालं?" वैशालीने विचारलं.

"१९८२ मध्ये कोस्टर बंद झाला. अठरा वर्षं तसाच उभा. त्याच्यावर वेली चढल्या. २००० मध्ये पाडला."

"आणि घर?"

"तेही. बरोबरच."

"तत्सम," ती म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही.

शेखरने मान खाली घातली होती. मला वाटलं, पटलं. पण तो कागदावर काहीतरी खोडत होता. त्याचं म्हणणं असं की, हे सगळं मान्य, पण एका वेळी एकच मागणी असावी. दोन मागण्या केल्या की दोन्ही जातात. लोक कोस्टरसाठी सही करतील. त्यांच्या आठवणी आहेत, पहिला उतार, कुणाचा तरी धरलेला हात वगैरे. क्वार्टर्समध्ये कुणाच्या आठवणी आहेत?

शेखर मनाने वाईट नाही. दरवर्षी मोसमाच्या पहिल्या दिवशी पहिल्या गाडीत असतो आणि ऑपरेटरला नावाने हाक मारतो, हे किती जण करतात? पण हे वाक्य त्याने पाच क्वार्टरवाल्यांच्या मध्ये बसून म्हटलं.

वैशालीने आपला उजवा तळवा त्याच्यासमोर उघडला. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा आहे, पिवळट, रुपयाएवढा. म्हाताऱ्याचे ब्रेक अजून लिव्हरवर आहेत, माणसाच्या उंचीचे दांडे. पुढच्या मोठ्या राइडसारखं बटण नाही. संध्याकाळी वंगण आणि चाकं तापली की गाडी सकाळपेक्षा जोरात येते, मग दांडा थोडा आधी ओढावा लागतो. किती आधी, ते कुठल्या पुस्तकात नाही.

"अकरा मोसम," ती म्हणाली. "तुझी गाडी स्टेशनात अलगद थांबते ना, ती इथे थांबते. ही माझी आठवण. रात्री खोली नंबर सातमध्ये येऊन झोपते."

शेखर तळव्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हिचा फोटो काढून ठेवायला हवा."

"बघितलंत?" ती आमच्याकडे वळली. "हात पाडणार असं कळलं असतं तर यादीतही घातला असता."

इथे जे हसणं सुरू झालं ते शेखरपासून सुरू झालं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने कागद तिच्या हातात दिला आणि पेनही. तिने 'म्हातारा' आणि 'वाचवा' यांच्या मध्ये काकपद टाकून वर लिहिलं, 'व तत्सम'.

"म्हातारा व तत्सम वाचवा," महेशने मोठ्याने वाचलं. "याचा अर्थ कुणाला कळणार?"

"नोटीस काढणाऱ्याला कळेल. त्याचाच शब्द आहे."

"तत्सम म्हणजे व्याकरणात वेगळं असतं," मागून एक पोरगा म्हणाला. नवीन आलाय, बहुतेक झुल्याच्या राइडवर. "जसाच्या तसा आलेला शब्द. झिजून, बदलून आला तर तद्भव."

"मग म्हातारा तद्भव," नाना लगेच म्हणाले. "सगळा बदलून झालाय. तत्सम कोण असेल तर क्वार्टर्स. मी आलो तेव्हापासून जशाच्या तशा. नळाचा वायसरसुद्धा तोच."

"आणि शेखर?"

"शेखर देशी," वैशाली म्हणाली. "कुठून आला ते व्याकरणाला माहीत नाही."

सह्या व्हायला लागल्या. महेशने सही करण्याआधी कागद उलटून मागे काही छापलंय का ते पाहिलं, मग पुढून पाहिला, मग बारीक अक्षरात केली, दुरून वाचता येऊ नये अशी. नानांनी नावापुढच्या रकान्यात 'तत्सम, निवृत्त' लिहिलं. मी केली. वैशालीने माझ्याकडे बघितलं आणि पेन परत घेतलं.

आता हे इथे संपायला हरकत नव्हती, पण शेखरला भाषणाचा शेवट हवा होता. तो पुन्हा उभा राहिला. म्हणाला, काहीही होवो, म्हाताऱ्यावर ४१२ वेळा बसलेला माणूस म्हणून मी शब्द देतो, पाडायच्या दिवशीही मी पहिल्या सीटवर असेन, नेहमीसारखे डोळे उघडे आणि दोन्ही हात वर.

नेहमीसारखे.

मी वैशालीकडे पाहिलं. वैशालीने माझ्याकडे पाहिलं. काउंटरवरचे न विकले गेलेले फोटो रात्री पुसायचे असतात, नियम आहे. मी सगळे पुसतो. एक सोडून.

"दाखव," ती म्हणाली.

"नको, जाऊ दे, आज एवढं..."

"दाखव."

मी मोबाइल काढला. पहिली सीट, पहिला उतार. काळा टी-शर्ट. मान छातीत खुपसलेली, डोळे असे मिटलेले की भुवयाही आत गेल्यात, दोन्ही मुठी लॅप बारवर पांढऱ्या पडलेल्या. आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंनी, अगदी खांद्यातून उगवल्यासारखे, दोन हात वर. बारीक, मनगटात रंगीत बांगड्या. मागच्या सीटवर बसलेल्या सातेक वर्षांच्या मुलीचे.

मोबाइल कट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत यायला पाच मिनिटं लागली. सिक्युरिटीवालाही फाटक सोडून आला. महेशला ठसका लागला. झुल्यावरचा पोरगा खाली बसला. शेखर एकेकाला समजावत होता की तो क्षण चुकीचा पकडलाय, त्याच्या आधीच्या सेकंदाला हात वरच होते, प्रकाश बघा, कोन बघा, लेन्समध्ये असं होतं कधीकधी. कुणी ऐकत नव्हतं. वैशाली डोळे पुसत म्हणाली, हा फोटो कागदाला जोडा, पाडणाऱ्यांनाही दया येईल.

नाना एकटेच हसत नव्हते. त्यांनी सह्यांचा कागद पुन्हा हातात घेतला होता आणि तो डोळ्यांपासून लांब धरून कोपऱ्यातल्या चित्राकडे बघत होते.

"शेखर," ते म्हणाले, "आता कळलं. चढ उजव्या बाजूला आहे रे. तू डावीकडे काढलायस."

"नाही हो नाना, डावीकडेच..."

"४१२ वेळा," नाना म्हणाले. "एकदा तरी डोळे उघडायचे."

त्यानंतर आणखी कुणाच्या सह्या झाल्या नाहीत. कुणाला पेन धरता येत नव्हतं.